ताहरासाठी कुठली गोळी

आर्विन टोलेफसनला उभ्या आयुष्यात कधी काही फुकट मिळालं नव्हतं. एकदा चर्चच्या सोडतीत विणलेले हातमोजे लागले होते, पण ते दोन्ही डाव्या हाताचे निघाले. त्यामुळे फेब्रुवारीत शिकारी मंडळाच्या जेवणावळीत मुख्य सोडतीची चिठ्ठी निघाली आणि त्याचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा तो निवांत बटाटे खात बसला होता. शेवटी बायकोनेच, म्हणजे मर्नाने, त्याला कोपराने ढोसलं.

"ऊठ. तुला न्यूझीलंड लागलंय."

बक्षीस होतं न्यूझीलंडच्या डोंगरात एका ताहराच्या शिकारीचं. ताहर म्हणजे मुळात हिमालयातला रानबोकड. फार वर्षांपूर्वी कुणीतरी तो तिकडे नेऊन सोडला आणि त्याला ती हवा अशी काही मानवली की आता तिथल्या लोकांना पाहुण्यांची वाटच बघावी लागते, की या बाबांनो आणि थोडे कमी करा. विमानाचं तिकीट, वाटाड्या, राहणं-जेवण सगळं बक्षिसात होतं. फक्त रायफल आणि गोळ्या ज्याच्या त्याने आणायच्या. हे वाक्य पत्रिकेवर अगदी बारीक अक्षरात छापलं होतं आणि आर्विन स्वतः डोळ्यांचा डॉक्टर असूनही त्याचं त्याकडे लक्ष गेलं नाही.

सोडतीचा आणखी एक नियम होता. पहिल्याला जाणं जमलं नाही तर दुसरी चिठ्ठी ज्याची, त्याने जायचं. दुसरी चिठ्ठी निघाली लायल हॅगर्टीची. लायल हा आर्विनचा शेजारी, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा दुकानदार, आणि मोंटानातल्या त्या लहानशा गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने भर सभेत आर्विनला मिठी मारली आणि म्हणाला, "डॉक्टर, तब्येतीला जपा हं."

आता आर्विनचा स्वभाव सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हा माणूस गेली पंचवीस वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांना एकच प्रश्न विचारत आलेला. हनुवटी यंत्रात टेकवलेल्या माणसासमोर तो भिंग फिरवतो आणि विचारतो, "कसं बरं दिसतं? पहिलं की दुसरं?" लोक बिचारे सांगतात. तो पुन्हा फिरवतो, पुन्हा विचारतो. इतकी वर्षं दुसऱ्यांना निवड करायला लावून लावून त्याची स्वतःची निवडायची ताकदच गेली होती. हॉटेलात त्याच्यासाठी मर्ना मागवायची. घराला रंग देताना दोन पिवळ्यांमध्ये तो असा अडकला की शेवटी घर पांढरंच राहिलं.

एका बाबतीत मात्र त्याला कधी प्रश्न पडला नव्हता, आणि ती बाब म्हणजे रायफल. वडिलांनी दिलेली दोनशेसत्तरची रायफल होती; हा आकडा नळीच्या मापाचा. तीच घेऊन तो दर हेमंतात डोंगरात जायचा आणि हिवाळ्याचं मांस घेऊन यायचा. तीच न्यूझीलंडला न्यायची असं त्याने सोडतीच्या दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं. परदेशी बंदूक नेताना कस्टमचा एक कागद लागतो, ही बंदूक मूळची माझीच असा, म्हणजे परत येताना कुणी नवी घेतली म्हणून अडवू नये. कागद द्यायचा तर साहेबाला बंदूक डोळ्यांनी बघावी लागते, आणि साहेब बसतो दोन घाट ओलांडून विमानतळाच्या मागे. आर्विन दवाखाना बंद ठेवून बर्फातून गेला, रोझाली बक नावाच्या अधिकारी बाईंना रायफल दाखवली, शिक्का घेतला आणि कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. न्यूझीलंडच्या पोलिसांकडे अर्ज केला, तिकडून उत्तर आलं, 'काही हरकत नाही.' झालं. इथेच ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण गावात कॉफीचं एक टेबल होतं. उजाडायच्या आत तिथे जमायचं, फासे टाकायचे आणि हरेल त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायचे, असा रिवाज. त्या टेबलावरच्या प्रत्येकाने सोडतीची तिकिटं घेतली होती आणि प्रत्येकजण हरला होता. त्यामुळे आर्विनच्या शिकारीत आपलेही पैसे आहेत आणि म्हणून दोन शब्द सांगायचा हक्क आहे, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती.

"काय नेताय?" लायलने विचारलं.

"दोनशेसत्तर."

टेबलावरच्या सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू आर्विनने लंगोट लावून जातो म्हणून सांगितलं होतं.

"डॉक्टर," लायल समजुतीने म्हणाला, "तो ताहर आहे. त्याच्या मानेवर गोधडीएवढी आयाळ असते. कड्यावर उभा असतो. गोळी बसल्यावर तो चार पावलं जरी चालला तरी दरीत, मग शोधा तुकडे. जागच्या जागी बसवायला तीनशे मॅग्नमच हवी, गोळी मोठी, दारूही जास्त. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. मला काय, तुम्ही नाही गेलात तर मी जाणारच आहे."

"मॅग्नम कशाला?" एमरी स्कूनोवर म्हणाले. एमरी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, वय ऐंशीच्या पुढे. स्वतःची काडतुसं स्वतः तळघरात भरायचे आणि त्यांच्या मते जगात तीस-झिरो-सहा सोडून दुसरं कॅलिबर, म्हणजे माप, निघायलाच नको होतं. "माझ्या वडिलांनी तीस-झिरो-सहाने अस्वल मारलं. गोळी शिशाची. आत गेली की फुलते. तांब्याच्या गोळ्या म्हणजे नुसतं सुईने टोचणं."

"शिसं फुटून जातं हो. तांबं आरपार जातं," लायल म्हणाला.

"आरपार जाऊन करायचंय काय? ताहर इकडे राहिला."

आर्विन एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. दोघांचंही पटत होतं. हाच तर त्याचा रोग होता.

मग ही साथ गावभर पसरली. खुर्चीत बसलेला पेशंट यंत्रातून अक्षरं वाचता वाचता सांगायचा, "दुसरं बरं आहे. आणि डॉक्टर, एकशेऐंशी ग्रेनच्या खाली जाऊ नका." ग्रेन म्हणजे गोळीचं वजन. रविवारी प्रार्थनेनंतर दारात हात मिळवताना खुद्द पाद्रीबाबांनी हात धरून ठेवला आणि हळूच म्हणाले, "आर्विन, मी प्रार्थना करतोय. पण साडेसहाच्या मापाचाही विचार कर." बँकेतली मुलगी, दातांचा डॉक्टर, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, ज्यांनी आयुष्यात कधी ताहर पाहिला नव्हता ते सगळे ताहर कसा पडतो हे हाताने करून दाखवायचे. ताहर कुणीच पाहिला नव्हता म्हणा, त्यामुळे वाद मिटायचा काही मार्गच नव्हता.

महिन्याभरात आर्विनने तीनशे मॅग्नम घेतली. कशी घेतली हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. दुकानात तो फक्त विचारायला गेला होता. घरी आल्यावर मर्नाने खोक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जुनी कुठे दुखत होती?"

"ताहरासाठी जरा जोर हवा म्हणतात."

"कोण म्हणतात?"

आर्विनने नावं घेतली. मर्नाने पियानोचं झाकण उघडलं, कारण शिकवणीची मुलं यायची वेळ झाली होती, आणि आणखी काही बोलली नाही. तिची न बोलण्याची ही पद्धत आर्विनला चांगली ठाऊक होती आणि फारशी आवडत नसे.

पुन्हा दोन घाट, पुन्हा रोझाली बक. बाईंनी नंबर पडताळला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मागच्या वेळची चांगली होती की." न्यूझीलंडहून पुन्हा उत्तर आलं, 'काही हरकत नाही.' गोळ्यांचं मात्र ठरेना. आर्विनने शिशाच्या घेतल्या, मग तांब्याच्या घेतल्या, मग दोन्हींच्या मधल्या म्हणून एक तिसऱ्याच घेतल्या, आणि सगळ्या घेऊन शनिवारी गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गेला.

पहिल्या गोळीला मॅग्नमने त्याच्या खांद्याला असा धक्का दिला की टोपी मागे पडली. दुसऱ्या गोळीला तो रायफलीवरच्या दुर्बिणीच्या जरा जास्तच जवळ गेला आणि दुर्बिणीच्या कडेने त्याच्या भुवईवर सुरेख अर्धचंद्र कोरून ठेवला. मोंटानात हा अर्धचंद्र कुणालाही ओळखू येतो. तो कशाचा हे विचारावं लागत नाही. सोमवारी दवाखान्यात पहिल्या पेशंटने यंत्रात हनुवटी टेकवली, आर्विनच्या भुवईकडे बघितलं आणि म्हणाला, "तीनशे का?"

अर्धचंद्र भरून आला, पण एक भलतीच गोष्ट मागे राहिली. आर्विन दचकायला लागला. चाप दाबायच्या ऐन क्षणी डोळे मिटायचे, खांदा पुढे यायचा आणि गोळी मातीत जायची. आधी मॅग्नमने तसं झालं. मग त्याने घाबरून जुनी दोनशेसत्तर काढून पाहिली, तर तिनेही तेच. पंचवीस वर्षांच्या सोबतीची रायफल, आणि शंभर यार्डांवर निशाणाची कागदी ताटली शाबूत. त्याला गाडीत बसून थोडा वेळ घालवावा लागला.

हे साधं दुखणं नव्हतं. गावातल्या पोरांना शिकारीचा परवाना मिळण्याआधी जो वर्ग करावा लागतो, तो आर्विनच शिकवायचा. आणि प्रत्येक वर्गाला तो कागदी ताटली हातात धरून सांगायचा, "जो यात पाच गोळ्या मारू शकत नाही, त्याने जनावरावर नेम धरायचा नाही. जखमी जनावर डोंगरात तडफडून मरतं आणि त्याला कारण आपण असतो." हे तो मनापासून सांगायचा. आता तोच माणूस दुसऱ्या देशात जाऊन, कड्यावरच्या मुक्या जिवावर डोळे मिटून गोळी झाडणार होता. त्यापेक्षा न गेलेलं बरं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

कॉफीच्या टेबलावर बातमी त्याच्या आधी पोचली होती. "जमेल हळूहळू," लायल म्हणाला. "नाहीच जमलं तर मी आहे." तो अगदी प्रेमाने म्हणाला आणि त्यामुळेच ते आर्विनला फार लागलं. मानी माणूस अशा वेळी जे करतो तेच त्याने केलं.

"ईस्टरनंतरच्या रविवारी," तो म्हणाला, "सगळ्यांसमोर, दोनशे यार्डांवर, ताटलीत पाच. एक जरी बाहेर गेली तर न्यूझीलंडला तू जायचंस."

एमरींनी फासे पुढे सरकवले. त्या दिवशी कॉफीचे पैसेही आर्विननेच दिले.

घरी येऊन त्याने मर्नाला सगळं सांगितलं. मर्ना स्वतः दरवर्षी आपलं एक हरीण मारायची, पण त्याबद्दल कधी कॉफीच्या टेबलावर बोलत नसे. तिने ऐकून घेतलं.

"माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं असंच होतं," ती म्हणाली. "पुढे अवघड जागा आली की तिच्या आधीच बोटं घाबरतात आणि सूर धाडकन आदळतात. चूक त्या सुरात नसते. तो येणार म्हणून जी धास्ती असते ना, त्यात असते. तुझं तेच झालंय."

"मग त्या मुलांचं तू काय करतेस?"

"आवाज काढून टाकते. नुसती बोटं फिरवायला लावते. एमरींकडून बिनदारूची चार काडतुसं भरून आण. आणि ती मॅग्नम परत दे."

"पण ताहर…"

"ताहराला कुठली गोळी लागली ते कळणार नाहीये. लागली की नाही, एवढंच कळेल."

मग रोज जेवणं झाल्यावर कपडे धुवायच्या खोलीत शिकवणी सुरू झाली. पियानोवरचं ठोके देणारं यंत्र वॉशिंग मशीनवर टिकटिकत ठेवलेलं. आर्विन जमिनीवर पालथा, समोरच्या भिंतीवर साबणाच्या डब्याचं चित्र. दोनशेसत्तरच्या नळीवर मर्ना एक नाणं ठेवायची. चाप दाबला आणि नाणं पडलं की पुन्हा. सुरुवातीला नाणं चाप दाबायच्या आधीच पडायचं. "हनुवटी सैल," मर्ना वरून सांगायची, "श्वास सोड. तू लगेच उत्तराकडे धावतोस. ठोका ऐक." इतकी वर्षं मुलं हिच्याकडून रडत का बाहेर पडतात, हे आर्विनला आता कळलं. बर्फ वितळत आला तेव्हा नाणं नळीवर राहायला लागलं. आर्विनने ते कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं की कुणीतरी सल्ला दिलाच असता.

रविवारी मैदानावर निम्मं गाव जमलं. पाद्रीबाबांनी प्रवचन आटोपतं घेतलं होतं. लायल स्वतःची तीनशे मॅग्नम घेऊन आला होता, म्हणे सहजच. दोनशे यार्डांवर कागदी ताटली लावली. मर्ना काडतुसांचा डबा मांडीवर घेऊन आर्विनच्या शेजारी बसली.

"मी भरून देणार," तिने जाहीर केलं. "यात काही खरी आहेत, काही बिनदारूची. कुठली केव्हा ते त्याला कळणार नाही."

"कशाला?" लायलने विचारलं.

"नुसती ताटली काय, नशिबानेही लागते. मला बंदूक हलते का ते बघायचंय."

पहिलं काडतूस फुसकं होतं. चाप दबला, टक् झालं, आणि रायफल दगडावर ठेवलेल्या दगडासारखी स्थिर राहिली. मागे कुणीतरी घसा खाकरला. मग खऱ्या दोन, मग फुसकी, मग खऱ्या तीन. शेवटी दुर्बीण लावून एमरींनी ताटली मोजली. पाचही आत. चार तर मुठीएवढ्या जागेत. गोळ्या कुठल्या होत्या याची चौकशी कुणी केली नाही. मर्नाने डब्यातल्या शिल्लक होत्या त्या घेतल्या होत्या, वडिलांच्या वेळच्याच जातीच्या.

"छान," लायल म्हणाला. "दोनशेसत्तरला धक्का नसतोच म्हणा. तीनशे सांभाळणं वेगळं."

"दाखव ना," मर्ना म्हणाली. "मी भरते."

लायल बाकावर बसला, बाह्या सरसावल्या, गाल दस्त्याला लावला. मर्नाने त्याच्या रायफलीत काडतूस सरकवलं. एमरींनी आपल्या तळघरात मॅग्नमचीही दोन बिनदारूची भरून ठेवली होती, हे लायलला ठाऊक नव्हतं. लायलने श्वास रोखला आणि चाप ओढला. टक्.

त्या टक्बरोबर लायलने दोन्ही डोळे गच्च मिटले, खांदा दणकन पुढे टाकला आणि नळीचं तोंड वीतभर खाली मारलं. बार काहीच झाला नव्हता. मग एमरी हसायला लागले. हसत हसत त्यांना बसावं लागलं. "तीस वर्षं," ते डोळे पुसत म्हणाले, "तीस वर्षं हा मला मॅग्नम घ्या म्हणतोय."

"तुम्हीही बसा," मर्ना त्यांना म्हणाली.

एमरी बसले आणि तेही दचकले, जरा कमी. साडेसहावाले पाद्रीबाबा दचकले. दातांचा डॉक्टर तर टक् व्हायच्या आधीच दचकला. संध्याकाळपर्यंत गावात न दचकलेला एकही मोठा माणूस उरला नाही. वर्गातली पोरं कुंपणावर बसून बघत होती आणि आर्विनने त्यांना घरी पाठवायला हवं होतं, पण त्याच्या लक्षात आलं नाही.

बुधवारी लायल दवाखान्यात आला. डोळ्यांत काहीतरी बिघाड असणार म्हणाला. आर्विनने सगळी भिंगं फिरवून पाहिली, पहिलं की दुसरं करत. डोळे उत्तम होते. लायल खुर्चीतून उठला, टोपी हातात फिरवत राहिला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मर्ना मोठ्या माणसांना शिकवते का?" त्याचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे आर्विनला माहीत नव्हतं. त्याला लायलची दया आली आणि रागही उरला नाही. त्याने त्याला घरी नेलं.

कस्टमचा कागद पुन्हा करायला आर्विन तिसऱ्यांदा दोन घाट ओलांडून गेला. रोझाली बाईंनी रायफल बघितली, नंबर बघितला. "हिला मी शिक्का दिलाय की. तो कागद कुठे गेला?" तो कागद फ्रिजवरच होता. मर्नाने तो कधी काढलाच नव्हता. न्यूझीलंडने नेहमीप्रमाणे कळवलं, 'काही हरकत नाही.'

वाटाड्याचं नाव लॅकी. पहिल्याच सकाळी त्याने आर्विनची रायफल हातात घेतली. आर्विनने दोनशेसत्तरची बाजू मांडायला बरंच काही पाठ करून आणलं होतं, पण लॅकीने कॅलिबर विचारलंच नाही. "चालताना नळी रिकामी ठेवायची," एवढंच म्हणाला. "इथे सगळे तसंच चालतात. सांगेन तेव्हा भरायची."

चौथ्या दिवशी दुपारी बर्फाच्या कडेला एक मोठा नर उभा सापडला. आयाळ वाऱ्यात उडत होती. आर्विन पालथा पडला, सॅकवर नळी टेकवली. लॅकी कुजबुजला, "भर, आणि सवडीने." आर्विनला त्यातलं फक्त सवडीने ऐकू आलं. हनुवटी सैल केली, श्वास सोडला. वॉशिंग मशीनवरचे ठोके त्याला खरोखर ऐकू आले. त्याने चाप दाबला.

टक्.

नळीत काही नव्हतंच. ताहर तसाच उभा होता, वारा आडवा होता, त्याला काही कळलं नव्हतं. लॅकीने दुर्बीण ताहरावरून काढून आर्विनकडे बघितलं.

"तू हललाही नाहीस," तो म्हणाला. "आता त्यात एक गोळी घाल, काम होईल बहुतेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गावात उतरल्यावर आर्विनने घरी फोन लावला. तिकडे अजून आदल्या दिवसाची दुपार होती आणि कुणीतरी पियानोवर अडखळत होतं.

"लागली?" मर्नाने विचारलं.

"लागली. जागच्या जागी पडला. एक पाऊल चालला नाही."

"पहिल्यालाच?"

"दुसऱ्याला."

पियानो थांबला. "मग पहिली कुठे गेली?"

"पहिल्या वेळी गोळीच नव्हती. भरायला विसरलो. नुसतं टक् झालं. मर्ना, हललो नाही ग. अजिबात नाही. लॅकीला विचार."

तिकडे मर्ना हसली असावी.

"कुठलं बरं होतं मग?" तिने विचारलं. "पहिलं की दुसरं?"

"पहिलं," आर्विन लगेच म्हणाला.